हळवा कुत्रा आणि २०० गुण

रिंगच्या एका टोकाला कुत्रा बसलेला असतो. हँडलर ‘स्टे’ म्हणून निघतो, दुसऱ्या टोकाला पोचून वळतो आणि हात सरळ खाली सोडून उभा राहतो. जजनी खूण केली की हाक मारायची, तीही एकदाच. कुत्र्यानं लगेच उठावं, झपाझप यावं आणि हँडलरच्या अगदी समोर सरळ बसावं, फार न वाकता त्याच्या डोक्याला हात लागेल इतकं जवळ. मग पुढच्या आज्ञेवर त्यानं डाव्या बाजूला येऊन बसायचं. अमेरिकन केनेल क्लबच्या नॉव्हिस वर्गात या ‘रिकॉल’ला ३० गुण आहेत.

एखादा लॅब्रेडॉर हाकेसरशी उधळत येतो, हँडलरच्या गुडघ्यावर आदळतो आणि वाकडा बसतो. त्याचे थोडे गुण जातात आणि प्रेक्षक खूश होतात. त्यानंतर एखादी शेल्टी, म्हणजे शेटलंड शीपडॉग, येते. हाक ऐकून ती उठते, पण कान मागे गेलेले असतात. चार पावलं चालल्यावर ती जमीन हुंगते, जिभेनं ओठ चाटते, मान किंचित वळवते. पोचते, पण हातभर अंतर राखून बसते. जजच्या कागदावर ‘संथ’ आणि ‘लांब बसली’ अशा नोंदी होतात. रिंगबाहेर कुणीतरी म्हणतं, हट्टी आहे. आणखी कुणी सुचवतं, जरा कडक व्हा तिच्याशी.

हे पुस्तक त्या शेल्टीच्या माणसांसाठी लिहिलं आहे. कुत्र्यांच्या ओबिडियन्सवर इंग्रजीत पुष्कळ पुस्तकं आहेत. त्यांतली बरीचशी मनात धरतात तो कुत्रा तगडा, खादाड आणि खेळकर असतो. चूक झाली तर तो अंग झटकतो आणि पुन्हा तयार होतो. हळव्या कुत्र्यासाठी शेवटी एखादं प्रकरण जोडलेलं असतं. मला हा क्रम उलटा वाटतो. शिकवण्याची पद्धत चांगली की वाईट, हे हळवा कुत्रा आधी सांगतो. तगडा कुत्रा आपल्या चुका पचवून काम करत राहतो, त्यामुळे त्या आपल्याला वर्षानुवर्षं दिसतच नाहीत.

नव्या वाचकासाठी आधी खेळाची ओळख. ओबिडियन्समध्ये कुत्रा आणि माणूस जोडीनं उतरतात. अमेरिकेत पूर्ण गुण २००. पात्र ठरायला किमान १७० लागतात आणि प्रत्येक व्यायामात निम्म्याहून जास्त गुण मिळवावे लागतात. अशी तीन यशं जमली की पदवी मिळते. नॉव्हिसमध्ये पट्ट्यासह आणि पट्ट्याविना डाव्या पायाशी चालणं, म्हणजे हीलिंग, असतं. शिवाय उभं राहून जजला अंगावरून हात फिरवू देणं, रिकॉल आणि स्टे. त्यापुढच्या ओपन वर्गात डंबेल आणणं आणि उडी येते. सर्वांत वरच्या युटिलिटीत तोंडानं चकार शब्द न काढता फक्त हाताच्या खुणांवर काम करून घ्यावं लागतं. शिवाय चामड्याच्या आणि धातूच्या सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधून आपल्या माणसाच्या हाताचा वास असलेली वस्तू कुत्र्याला हुडकून आणावी लागते. ब्रिटनमध्ये वर्गांची नावं वेगळी आहेत आणि हीलवर्कचा काटेकोरपणा थक्क करणारा आहे. युरोपात एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांनी जागतिक स्पर्धा होतात. जर्मन परंपरेच्या आयजीपीमध्ये माग काढणं आणि संरक्षण यांच्या जोडीला ओबिडियन्सचा १०० गुणांचा भाग असतो.

एक नियम मात्र हळव्या कुत्र्याच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेत काय किंवा ब्रिटनमध्ये काय, रिंगमध्ये सहसा खाऊ किंवा खेळणं नेता येत नाही. व्यायाम चालू असताना बोलायचंही नाही, ठरलेली आज्ञा तेवढी द्यायची. घरी दर दोन मिनिटांनी ‘शाब्बास’ ऐकायची सवय असलेल्या कुत्र्यासमोर अचानक गप्प, ताठ, घामानं भिजलेला माणूस उभा राहतो. त्याच्या घामाचा वासही रोजचा नसतो. हळवा कुत्रा यातून एकच अर्थ काढतो, काहीतरी बिनसलं आहे.

या खेळाची सुरुवात एका हेटाळणीतून झाली. न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को इथल्या हेलेन व्हाइटहाउस वॉकर यांच्याकडे स्टँडर्ड पूडल होते. पूडल म्हणजे केस कातरून मिरवायचं नाजूक बाहुलं, असं लोक समजत. ते खोटं ठरवण्यासाठी वॉकरबाईंनी इंग्लंडमधल्या चाचण्यांचा नमुना समोर ठेवून १९३३ च्या ऑक्टोबरात वडिलांच्या आवारात स्पर्धा भरवली. आठ कुत्रे उतरले. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं नियम मान्य केले. पुढच्या वर्षी वॉकर आणि त्यांच्या सहकारी ब्लांच सॉन्डर्स मोटारीला ट्रेलर जोडून, पूडल बरोबर घेऊन देशभर प्रात्यक्षिकं करत फिरल्या. ब्रिटनमध्ये १९५५ पासून क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात ओबिडियन्सचं अजिंक्यपद होऊ लागलं आणि तिथं बॉर्डर कॉलींनी जवळजवळ एकहाती राज्य केलं. नाजूक समजल्या गेलेल्या कुत्र्याची बाजू मांडायला निघालेला हा खेळ पुढे कणखर कुत्र्यांच्या मापानं शिकवला जाऊ लागला, हे मला या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण वाटतं.

ते वळण कुठून आलं हे पाहायचं तर जर्मनीत जावं लागतं. कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्यानं १९१० मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. बक्षीस आणि सक्ती यांची वेळ साधण्याबद्दल त्याला जे उमगलं होतं ते आजही बरोबर वाटतं. पण त्याच्यासमोर पोलिसी आणि लष्करी काम होतं, आणि तिथं सक्तीचा हात वरचा राहिला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी कुत्रे शिकवलेली माणसं नंतर नागरी वर्ग घेऊ लागली. त्यांतले विल्यम कोहलर सर्वांत प्रभावी. डिस्नेच्या चित्रपटांसाठी प्राणी तयार करणाऱ्या या माणसाचं पुस्तक १९६२ मध्ये आलं आणि कित्येक वर्षं अमेरिकेतल्या क्लबांत त्याच पद्धतीनं शिकवलं गेलं.

कोहलरना एका वाक्यात मोडीत काढणं मला मान्य नाही. पहिल्या आठवड्यात लांब दोरी लावून, एक शब्द न बोलता चालायचं आणि कुत्र्याचं लक्ष उडालं की नेमकी उलट दिशा धरायची, या त्यांच्या कृतीत कसब आहे. माणसानं रोज तसंच वागावं, हा त्यांचा आग्रहही खरा. पण त्याच पुस्तकात खड्डा खणणाऱ्या कुत्र्याचं डोकं पाण्यानं भरलेल्या त्याच खड्ड्यात बुडवायचा सल्ला आहे, आणि चोक चेनचा झटका हा सगळ्या व्यवहाराचा पाया आहे. कणखर जर्मन शेफर्ड त्या झटक्यातून शिकला आणि चषक घेऊन आला. हळवे कुत्रे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वर्गातून गळले. त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही, म्हणून पद्धत यशस्वी दिसत राहिली.

त्याच काळात वर्चस्वाची कल्पनाही रुजली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या भांडणांचं वर्णन केलं. त्यावरून माणसानं घरात ‘अल्फा’ व्हावं असा सिद्धांत कुत्र्यांवर चिकटवला गेला. न्यू स्कीट मठातल्या ख्रिस्ती साधूंच्या १९७८ च्या लोकप्रिय पुस्तकात तर कुत्र्याला उताणं पाडून धरण्याचा सल्ला होता, जो त्यांनी नंतर मागे घेतला. डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तरीही ‘कुत्र्याला त्याची जागा दाखवा’ हे वाक्य आपल्याकडच्या ट्रेनरांच्या तोंडून आजही ऐकू येतं. हळवा कुत्रा नजर चुकवतो, अंग चोरतो, पोट दाखवतो. या सिद्धांताच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला त्यात आपला विजय दिसतो.

दुसरी वाट प्रयोगशाळेतून निघाली. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी. कोंबड्या, डुकरं आणि इतर असंख्य प्राणी त्यांनी फक्त बक्षिसावर शिकवले. स्किनर यांनी स्वतः १९५१ मध्ये सामान्य वाचकांसाठी लेख लिहून घरच्या कुत्र्याला याच रीतीनं कसं शिकवावं ते सांगितलं. त्यावेळी ओबिडियन्सवाल्यांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. हवाईमध्ये डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांचं ‘डोन्ट शूट द डॉग’ १९८४ मध्ये आलं, त्यानंतर क्लिकर, म्हणजे बरोबर कृतीच्या क्षणी ‘टक्’ वाजवायची छोटी डबी, कुत्र्यांच्या वर्गात शिरला. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही. रागावलात तर तो पोहत निघून जातो, त्यामुळे त्याच्या शिक्षकाला मन लावून शिकवण्यावाचून गत्यंतर नसतं.

तिसरी धारा खेळाची. पॅट्रिशिया गेल बर्नहॅम यांनी १९८० मध्ये ‘प्लेट्रेनिंग युअर डॉग’ लिहिलं, तेही ग्रेहाउंड शिकवण्याच्या अनुभवातून. ग्रेहाउंडला झटका दिला तर तो उभ्या जागी थिजतो. बर्नहॅमना त्यामुळे दुसरा रस्ता शोधावाच लागला. युरोपातल्या शुट्झहुंडवाल्यांनी (शुट्झहुंड हे आयजीपीचं जुनं नाव) चेंडू आणि रस्सीखेच यांतून कुत्र्याचा उत्साह चेतवून त्याला कामाला जुंपण्याचं तंत्र विकसित केलं. आज रिंगमध्ये मान उंचावून, पावलं नाचवत चालणारे कुत्रे दिसतात, ते बहुतेक याच तंत्राचं फळ आहे. लेस्ली मॅकडेव्हिट यांनी २००७ मध्ये ‘कंट्रोल अनलीश्ड’मधून भित्र्या आणि चटकन बिथरणाऱ्या कुत्र्यांसाठी साधे, ठरलेल्या क्रमाचे खेळ मांडले. त्यांत कुत्रा भीतीच्या गोष्टीकडे बघतो, मग माणसाकडे बघतो आणि खाऊ मिळवतो.

माझा कल बक्षीस आणि खेळ यांकडे आहे, हे लपवायचं कारण नाही. पण या दोन्ही धारांत हळव्या कुत्र्यासाठी खाचखळगे आहेत, आणि त्यांबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. काही कुत्र्यांना क्लिकरचा ‘टक्’ हाच आवाज दचकवतो. त्यांच्यासाठी बॉलपेनचं बटण किंवा हळू आवाजातला एखादा ठरावीक शब्द पुरतो. कुत्र्यानं आपण होऊन उत्तर शोधावं म्हणून शिक्षक गप्प बसतो, खाऊ देणं लांबवतो. कणखर कुत्रा नव्या नव्या युक्त्या करून पाहतो, हळवा कुत्रा दोनदा चुकल्यावर कोपऱ्यात जाऊन पडतो. पट्टा नाही, झटका नाही, तरीही त्याच्या दृष्टीनं ती शिक्षाच झाली. रस्सीखेचीचंही तसंच. माणूस अंगावर झुकून ओढायला लागला की हळव्या कुत्र्याच्या तोंडातली रस्सी सुटते, आणि ती परत पकडायला तो धजत नाही.

हळवेपणा म्हणजे काय, याचा शोध पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेपर्यंत मागे नेता येतो. कुत्र्यांच्या मज्जासंस्थेचे प्रकार असतात, काही बळकट आणि काही दुबळे, असं त्यानं मांडलं होतं. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडमध्ये मोठा पूर आला आणि पाण्यात सापडलेले कुत्रे जेमतेम वाचवले गेले. काही कुत्रे काही झालंच नाही असे कामाला लागले. काही मात्र आधी शिकलेलं सगळं विसरले. महिनोन्महिने कष्ट घेऊन त्यांना पुन्हा शिकवलं आणि एके दिवशी मुद्दाम दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली, तर ते पुन्हा कोसळले. ‘दुबळा’ हा पाव्हलॉव्हचा शब्द मी वापरणार नाही. पण शिकलेलं विसरायला लावण्याइतकी भीती प्रबळ असते आणि ती प्रत्येक कुत्र्यात सारखी नसते, हे तिथं लख्ख दिसलं.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथं पाच जातींवर वर्षानुवर्षं केलेलं काम १९६५ मध्ये पुस्तकरूपानं आलं. स्वभावात रक्ताचा वाटा किती आणि वाढवण्याचा किती, याच्या पहिल्या मोठ्या धांडोळ्यांपैकी हा एक. जन्मानंतर साधारण ३ ते १२ आठवडे हा काळ माणसांची आणि जगाची ओळख होण्याचा, हे त्यांनी ठसवलं. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांच्या प्रयोगात, आधी टाळता न येणारे विजेचे धक्के बसलेले कुत्रे नंतर सुटकेची वाट मोकळी असूनही पडून राहिले. रिंगमध्ये कधीकधी अगदी शांत, अगदी आज्ञाधारक दिसणारा कुत्रा भेटतो. तो शिकलेला आहे की त्यानं हार मानली आहे, हे ओळखता यायला हवं.

त्या शेल्टीच्या संथ चालीकडे नव्या नजरेनं बघायला लावणारा अभ्यास २०२० मध्ये पोर्तुगालमधून आला. तिथल्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्रशिक्षणशाळांमधले ९२ पाळीव कुत्रे तपासले. एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ असतो आणि दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात कधीच नसतो, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग वाडगा मधल्या, संशयाच्या जागी ठेवला आणि कुत्रा तिथवर किती वेळात पोचतो ते मोजलं. जिथं झटके आणि धाक सर्वांत जास्त होता, तिथले कुत्रे अधिक सावकाश गेले. चांगलं काही मिळेल ही आशाच त्यांच्यात कमी होती. या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये वर्गात ताणाची लक्षणंही जास्त होती आणि वर्गानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलेलं होतं. ‘संथ’ या नोंदीमागे थकवा असेल, गरमी असेल, दुखणं असेल. पण कित्येकदा तिथं एक हिशेब असतो, आणि तो कुत्र्यानं आपल्याच वागण्यावरून मांडलेला असतो.

माणसाचा ताण कुत्र्यात उतरतो हेही आता नुसतं ऐकीव राहिलेलं नाही. स्वीडनमध्ये २०१९ मध्ये ५८ जोड्यांचे केस तपासले. कुत्रे होते शेल्टी आणि बॉर्डर कॉली, म्हणजे याच खेळातली नेहमीची मंडळी. माणसाच्या केसातलं दीर्घकाळचं कॉर्टिसॉल आणि कुत्र्याच्या केसातलं कॉर्टिसॉल बरोबरीनं चढत-उतरत होतं. म्हणून या पुस्तकात हँडलरच्या श्वासाबद्दल, खांद्यांबद्दल आणि बुटांच्या आवाजाबद्दल कुत्र्याइतकंच लिहिलेलं आहे.

मराठीत हे आत्ताच का, याचं उत्तर आपल्या घरांतच आहे. शहरांत कुत्री वाढली, तशी पाच आठवड्यांत आईपासून तोडून विकलेली पिल्लंही वाढली. लसीकरण होईपर्यंत ती फ्लॅटबाहेर पडत नाहीत. स्कॉट आणि फुलर यांनी सांगितलेले ते मोलाचे आठवडे बाल्कनीत संपतात, आणि मग पहिली लिफ्ट, पहिला ढोल-ताशा, पहिली दिवाळी एकदम अंगावर येते. ट्रेनर घरी येतो तो बहुधा चोक चेन घेऊनच. महिनाभरात कुत्रा ‘सिट’ आणि ‘शेकहँड’ करू लागतो आणि शिक्षण संपलं असं मानलं जातं. आपल्याकडे श्वानप्रशिक्षणाची भक्कम परंपरा आहे ती पोलिसांच्या आणि सैन्याच्या पथकांत. अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये त्यांची चुरस पाहण्यासारखी असते. पण तिथं येणारा कुत्रा निवडून घेतलेला असतो. घरातला कुत्रा निवडीतून आलेला नसतो. तो आहे तसाच आपल्याला मिळालेला असतो.

शिवाय आपल्याकडे कारवान आहे. लातूर, नांदेड, सोलापूरच्या शिवारात सशामागे धावणारा हा लांबसडक, देखणा कुत्रा परक्याचा हात सहजी सोसत नाही. जजनी डोक्यावरून, पाठीवरून, मागच्या भागावरून हात फिरवायचा आणि कुत्र्यानं हलायचं नाही, हा नॉव्हिसमधला सोपा समजला जाणारा व्यायाम कारवानसाठी सगळ्यांत अवघड आहे. गावठी कुत्र्याचंही तसंच. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाचे पहिले आठवडे कसे गेले हे कुणालाच ठाऊक नसतं. ही कुत्री मठ्ठ आहेत, ओबिडियन्स हे विलायती जातींचं काम, असं डॉग शोच्या मांडवात सर्रास बोललं जातं. मला ते खोटं वाटतं, आणि ते खोटं आहे हे दाखवणं हा या पुस्तकाचा एक हेतू आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना तर त्याची परीक्षा रिंगमध्येच घेता येईल. अमेरिकन केनेल क्लबनं २०१० पासून मिश्र जातींच्या कुत्र्यांनाही ओबिडियन्समध्ये उतरायची मुभा दिली आहे, त्यामुळे इथून नेलेल्या गावठी कुत्रीलाही तिथं पदवी मिळवता येते.

खेळही बदलतो आहे. जागोजागी फलक लावलेल्या मार्गावर हँडलरला कुत्र्याशी मोकळेपणानं बोलू देणारी रॅली २००५ पासून अमेरिकेत पदव्यांसह सुरू झाली. ओपन वर्गात अनोळखी कुत्र्यांच्या रांगेत आपल्या कुत्र्याला बसवून हँडलरांनी नजरेआड जायचा व्यायाम २०१८ मध्ये काढून टाकला गेला. शेजारचा कुत्रा उठून अंगावर आला की हळव्या कुत्र्याचं पुढचं वर्ष वाया जायचं. काही जुन्या मंडळींना यामुळे खेळ पातळ झाल्यासारखा वाटतो. मला नाही वाटत. स्टे शिकवायला वेळ लागतो, पण धोक्याशेजारी एकटं बसवणं हे शिक्षण नव्हतं.

या पुस्तकात व्यायाम येतात ते हळव्या कुत्र्याला पेलतील अशा क्रमानं, स्पर्धेच्या क्रमानं नाही. रिकॉलआधी समोर सरळ बसण्याचा आनंद, हीलिंगआधी माणसाच्या डाव्या बाजूची ओढ, स्टेआधी परत येणाऱ्या माणसाची खात्री. खाऊ कमी करत जाऊन रिंगमधल्या शांततेपर्यंत कसं पोचायचं, यावर सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत, कारण बहुतेक हळवे कुत्रे तिथंच अडतात. चोक चेन, काट्यांचा पट्टा आणि विजेचा पट्टा यांच्या कृती इथं दिलेल्या नाहीत. सुधारणा हवीच, कुत्र्याला चूक कळायलाच हवी, असं मानणाऱ्या जाणकारांचं म्हणणं मात्र त्यांच्या बाजूनं नीट मांडलं आहे. त्यांच्यापैकी काहींचे कुत्रे शेपूट हलवत काम करतात, आणि ते कसं घडतं हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावं लागतं.

ज्यांना स्पर्धेत उतरायचंच नाही त्यांनी युटिलिटीचा भाग सोडून दिला तरी चालेल, वासाचा व्यायाम तेवढा सोडू नये. हळवा कुत्रा नाक खाली घालून शोधायला लागतो तेव्हा आज्ञा देणारं कुणी नसतं, चुकल्याचा रागही नसतो, आणि उत्तर फक्त त्यालाच ठाऊक असतं. कित्येक कुत्र्यांच्या बाबतीत मी शिकवायला सुरुवात इथूनच करते, अगदी घरातल्या चमच्यांवर.